काकांचा नापास जावई

आमच्या कारखान्याच्या स्वागतकक्षात काकांचा मोठा फोटो लावलेला आहे. अंगावर शाल, डाव्या हातात नारळ, मागे फुगे आणि 'शून्य दोष' असा फलक. फोटोत काका हसताहेत. मी त्या वेळी त्यांच्यापासून चार हातांवर उभी होते आणि ते हसत नव्हते. हसू स्टुडिओवाल्याने नंतर घातलं आहे. हल्ली तेही करून मिळतं. गालावरचे वयाचे डाग काढले आहेत, कपाळावरची आठी पुसली आहे, आणि त्यांच्या उजव्या हातात जे होतं ते चौकटीच्या खाली कापलं गेलं आहे. ज्या माणसाने जन्मभर 'आहे तसं दाखवा' एवढंच मागितलं, त्याला असा सजवून भिंतीवर टांगलेला बघून मला रोज सकाळी संताप येतो. आणि रोज सकाळी त्याच दारातून आत जावं लागतं.

मी क्वालिटी विभागातल्या नोकरीसाठी नाशिकहून जबलपुरात आले तेव्हा मदन महलला एक खोली घेतली होती आणि आता मराठी बोलायला फोनशिवाय कोणी मिळणार नाही असं धरून चालले होते. पहिल्याच आठवड्यात तपासणीच्या टेबलामागून आवाज आला, "मॅडम, मराठी काय?" पांढरा हाफ शर्ट, खिशात रुमालाची फुगलेली गुंडाळी, नाकाच्या टोकावर चष्मा. मी भराभर काहीतरी बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अच्छा. जरा हळू बोलत जा. आमची मराठी पिढ्यान् पिढ्या हिंदीच्या शेजारात राहून राहिली. तिला थोडं कमी ऐकू येते."

ते दीक्षितपुऱ्यात राहत. नोकरीची सगळी वर्षं संरक्षण खात्याच्या कारखान्यात तपासनीस म्हणून काढून निवृत्त झाले होते आणि आमच्याकडे कंत्राटावर कॅमेऱ्यासमोर बसत. कामगार त्यांना दद्दा म्हणत, मी काका म्हणायचे. आमच्याकडे बनते ती मालगाडीच्या ब्रेकच्या दांड्या जोडणारी पोलादी पिन. वीतभर लांब, अंगठ्याएवढी जाड, एका टोकाला डोकं, दुसऱ्या टोकाला आरपार भोक. पिन पट्ट्यावरून जाते, वर कॅमेरा असतो, तो फोटो काढतो आणि संगणक ठरवतो: हिरवा दिवा किंवा लाल. लाल लागला की एक दांडी पिनेला ढकलून बाजूच्या पेटीत टाकते.

काकांची सकाळ ठरलेली होती. ते आधी चष्मा शर्टाच्या टोकाने तीनदा पुसत. मग खिशातला रुमाल उघडत. त्यात एक पिन असे, चांगली तेल लावून ठेवलेली. तिच्या भोकाच्या काठाला केसाएवढी भेग होती. पट्ट्यावर पहिली ती पिन जायची. लाल दिवा लागला, दांडीने तिला पेटीत ढकललं की काका तिला उचलून पुसत, रुमालात ठेवत आणि मगच खरा माल सुरू करायला सांगत.

त्या पिनेला ते जावई म्हणत.

"जावई काहून?" मी एकदा त्यांच्याच शब्दात विचारलं.

"रोज येते, काही कामाची नाही, आणि तिला जपून ठेवावं लागते. सांग आता, दुसरं काय म्हणू?"

त्यांना जावई नव्हता. मुलगीच नव्हती. त्यामुळे विनोद करायला ते मोकळे होते.

हा म्हातारा यंत्रांवर चिडलेला आहे, असं वरच्या मजल्यावरच्या ऑफिसात मानलं जाई. ते साफ खोटं. काकांचा कॅमेऱ्यावर जीव होता. "त्याला चहा लागत नाही, त्याचा डोळा लवत नाही, आणि साहेब मागे उभा राहिला तर तो घाबरत नाही," असं ते म्हणत. त्यांचा राग होता तो कॅमेऱ्याला शिष्टाचार शिकवणाऱ्यांवर. चित्र अंधारं आलं की उजळवायचं, फिकं आलं की गडद करायचं, यालाही त्यांची ना नव्हती. ते स्वतः तासन् तास बसून आकडे एकेक घर सरकवत. पण प्रत्येक बदलानंतर जावई पट्ट्यावर जायचा. "चित्र सुंदर होऊन राहिलं की भेग दिसून राहिली, एवढंच पाहायचं. दोन्ही एकदम क्वचितच होते."

हे शिक्षण त्यांना सराफ्यात मिळालं होतं, असा त्यांचा दावा होता. तिथला एक सोनार त्यांचा मित्र. त्याच्याकडून घेतलेलं डोळ्याला लावायचं भिंग काका जन्मभर वापरत आले. मला एकदा त्या दुकानात घेऊन गेले आणि छताकडे बोट करून म्हणाले, "बघ. दोन दिवे आहेत. दागिना विकायचा असला की पिवळा लावतो, तुझा जुना विकत घ्यायचा असला की पांढरा." सोनार हसला आणि म्हणाला, "दद्दा, ग्राहक के सामने तो मत बोलो।" काका म्हणाले, "ये ग्राहक नहीं है, क्वालिटीवाली है।" त्या दिवशी तो मला मान वाटला होता.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. त्यांच्या जुन्या कारखान्यात प्रत्येक तपासनिसाचा स्वतःच्या नंबराचा पोलादी ठप्पा असे. तपासलेल्या नगावर तो हातोडीने उमटवायचा. नंतर कुठेही, कितीही वर्षांनी तो नग निघाला तरी तो कोणी पास केला ते कळायचं. ठप्पा दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही. जेवायला जातानाही तो कुलपात ठेवायचा. काकांचा नंबर होता सत्तावीस. निवृत्तीच्या दिवशी ठप्पा जमा केला तेव्हा त्यांनी दोनदा पावती मागितली म्हणे. आमच्याकडे संगणकात तपासनिसाचा नंबर टाकावा लागतो आणि तोच मग प्रत्येक पेटीच्या लेबलवर छापून येतो. कोणता नंबर हवा असं विचारल्यावर काकांनी सत्तावीसच मागितला. ठप्पा परत मिळाल्यासारखे ते खूश झाले असणार. संगणकाला कुलूप नसतं हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

नोव्हेंबर महिना पेन्शनरांनी जिवंत असल्याचा दाखला देण्याचा. हल्ली फोनसमोर चेहरा धरला की काम होतं. काकांनी धरला. फोनने त्यांना डोळे मिचकवायला सांगितलं. "मला?" काका म्हणाले. "माझ्या वयाच्या माणसाला? फोनला?" त्यांनी फोन खाली ठेवला, दोन दिवसांची रजा टाकली आणि बँकेत गेले. माणसाने माणसाला बघून सांगावं, असं त्यांचं म्हणणं. पहिल्या दिवशी रांग संपली नाही, म्हणून दुसऱ्याही दिवशी गेले.

नेमक्या त्या दोन दिवसांत आमच्याकडे कॅमेऱ्याच्या एजन्सीचा तज्ज्ञ आला. तीन दिवसांनी 'शून्य दोष' समारंभ होता, माल घेणाऱ्यांकडचे एक मोठे अधिकारी पाहुणे येणार होते, आणि आमच्या साहेबांना त्यांच्यासाठी पट्टा दुप्पट वेगाने पळताना दाखवायचा होता. कारखान्याचे हे प्रमुख वाक्याची सुरुवात 'माझं स्वप्न आहे' अशी करतात आणि शेवट दुसऱ्यांना कामाला लावून करतात. कॅमेरा त्या वेगाला पुरत नव्हता.

त्यात गोम अशी आहे. कॅमेऱ्यातला सेन्सर म्हणजे रेघांची वही. कॅमेरा वरून खाली एकेक रेघ वाचतो. सगळ्या वाचायच्या तर वेळ लागतो. मधल्या तेवढ्या वाचायला सांगितल्या तर काम लवकर होतं, सेकंदाला जास्त फोटो निघतात आणि पट्टा जोरात सोडता येतो. यात लबाडी काही नाही. पिनेची नुसती जाडी मोजायची असेल तर काकाही वाचायच्या रेघांची ही खिडकी अशी लहान करत आणि काम झालं की पुन्हा मोठी करत. तज्ज्ञाने खिडकी लहान केली, पण पिन पूर्ण तपासायची असताना. आमच्या चित्रात डोकं वरच्या रेघांत येतं आणि भोक खालच्या. दोन्ही गेली. राहिलं मधलं गुळगुळीत अंग. मग लहान वेळात उजेड कमी पडतो म्हणून त्याने चित्र उजळवलं. इतकं, की पोलाद पडद्यावर दुधासारखं दिसायला लागलं.

"आणि टोकं?" मी विचारलं.

"मैडम, पिछले महीने की सारी शिकायतें मोटाई की हैं। सिरे में क्या देखना?"

मला माहीत होतं की भेगा भोकाच्या काठालाच पडतात. मी रोज सकाळी ते पाहत होते. पण साहेब मागे उभे होते, आणि मी कॅमेरा नाही.

पडद्यावर तपासनिसाच्या नंबरचा चौकोन रिकामा होता. साहेब म्हणाले, "दद्दा का ही डाल दो, उनका रिकॉर्ड अच्छा है।" मी दोन आणि सात हे आकडे दाबले. दोन दिवस पट्टा पळाला. काका बँकेत जिवंत असल्याचं सिद्ध करत होते आणि कारखान्यात हजर होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते आले, तीनदा चष्मा पुसला, रुमाल उघडला आणि जावई पट्ट्यावर ठेवला.

हिरवा दिवा लागला.

त्यांनी पिन उचलली, उलटसुलट पाहिली, पुन्हा ठेवली. हिरवा. पुन्हा. मी मोजत होते. त्यांनी अकरा वेळा ठेवली. पट्ट्यावरचा ऑपरेटर, जो काकांबरोबर विडी ओढायला बाहेर जायचा, तो म्हणाला, "दद्दा, मुबारक हो। दामाद पास हो गए।" सगळे हसले. काका हसले नाहीत. खुर्चीत बसून त्यांनी सेटिंगचं पान उघडलं आणि बोटाने एकेक आकडा वाचला. मग मागच्या दोन दिवसांची नोंद उघडली. ओळीने सत्तावीस, सत्तावीस, सत्तावीस.

"मी बँकेत होतो," ते म्हणाले. "इथं माझ्या नावानं कोण बसलं होतं?"

"नंबर मी टाकला, काका."

"काहून?"

'साहेबांनी सांगितलं' हे खरं होतं, पण ते तोंडाशी आल्यावर कळलं की हे उत्तर नव्हे.

ते सरळ वर गेले. मीही मागोमाग गेले.

"माल खोलो," काका म्हणाले. "दो दिन का सब। फिर से देखना पड़ेगा।"

"दद्दा, आप इमोशनल हो रहे हैं," साहेब म्हणाले. "पैकिंग हो चुकी। परसों ट्रक है। और कल तो आपका भी सम्मान है।"

"काहे का?"

"लगातार दो दिन, एक भी रिजेक्ट नहीं। सत्ताईस नंबर।"

माणूस किती निर्लज्ज असू शकतो याचा मला अंदाज होता असं मला वाटे. पण साहेब निर्लज्ज नव्हते, हेच तर भयंकर. त्यांचा त्यावर विश्वास होता. लाल दिवा लागला नाही म्हणजे दोष नाही. बघणंच कमी केलं की दिसणारं कमी होणार, ही गोष्ट त्यांना कोणी फलकावर लिहून दाखवली नव्हती.

काका समारंभाला आले. मला वाटलं होतं, येणार नाहीत. नंतर कळलं, कार्यक्रमपत्रिकेत त्यांच्या नावापुढे 'दो शब्द' असं छापलेलं त्यांनी वाचलं होतं. त्यांनी शाल घेतली, नारळ घेतला आणि माइकसमोर उभे राहिले.

"ये दो दिन मैं बैंक में था," ते म्हणाले. "ज़िंदा हूँ, इसका सबूत देने।"

लोक हसले.

"जो माल पास हुआ, वो मैंने नहीं देखा। किसी ने नहीं देखा।"

पहिल्या रांगेत क्षणभर चुळबुळ झाली. मग सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी माइक ओढून घेतला आणि म्हणाल्या, "देखिए, इसे कहते हैं विनम्रता," आणि टाळ्यांचा पाऊस पडला. काका पाहुण्यांकडे वळले. त्यांनी खिशातून भिंग काढून पाहुण्यांच्या हातात दिलं, जावई पुढे धरला आणि भोकाच्या काठावर नख ठेवलं. "इधर देखिए, साहब।" पाहुण्यांनी भिंग डोळ्याला लावलं, तेही उलटं, आणि प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले, "वाह, क्या फ़िनिशिंग है।" त्याच वेळी फोटो निघाला. तोच हा फोटो. पाहुणे जावई पाण्याच्या बाटल्यांशेजारी टेबलावर ठेवून निघून गेले. मी तो उचलून माझ्या पर्समध्ये टाकला.

दुसऱ्या दिवशी ट्रक आला तेव्हा काका यार्डात पेट्यांच्या थप्पीवर बसलेले होते. शेजारी जेवणाचा डबा. आमच्याकडे सगळं संगणकावर असलं तरी गेटच्या कागदावर तपासनिसाची हाताची सही लागते. ती दोन आकडे दाबून होत नाही. पेट्यांवर सत्तावीस छापलेलं, म्हणजे सही सत्तावीसचीच हवी. आणि काल ज्याला सगळ्यांसमोर शाल घातली त्याला आज वॉचमनकडून उचलून बाहेर काढणं साहेबांनाही जड जात होतं. त्यांनी मला बोलावलं. "मैडम, आपकी भाषा के हैं। समझाइए।"

मी यार्डात गेले.

"काका, साहेब म्हणताहेत की..."

"नंबर तू टाकला न?"

"हो."

"मग बस."

त्यांनी थोडं सरकून जागा करून दिली. मी बसले. त्यांनी पहिली पेटी उघडली, पिन हातात दिली आणि माझ्या फोनचा दिवा लावायला सांगितला. मी तो समोरून धरला. "समोरून नको. समोरून उजेड पाडला की सगळेच गोरे दिसतात. बाजूनं पाड. मग भेगेची सावली पडते." मी बाजूने धरला. पोलादावर काहीच दिसेना, दिसेना, आणि मग एका पिनेच्या भोकापासून एक काळा केस निघालेला दिसला. मी तो नखाने झटकायला गेले. तो झटकला गेला नाही.

जेवणाच्या सुट्टीत पट्ट्यावरचा ऑपरेटर आला, खाली फतकल मारून बसला आणि एक पेटी ओढून घेतली. मग त्याच्या मागून आणखी तिघं आले. ट्रकवाला ट्रकखालच्या सावलीत झोपून गेला. साहेब दोनदा गच्चीवर येऊन बघून गेले. ऊन उतरायला लागलं तेव्हा शेवटची पेटी बंद झाली. खडूची खूण केलेल्या पिना एका फडक्यावर ओळीने मांडल्या होत्या. एकोणीस. काकांनी गेटच्या कागदावर सही केली, खाली तारीख घातली, आणि त्या एकोणीस पिना फडक्यात बांधून साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवल्या.

साहेबांनी गाठोड्याकडे पाहिलं आणि हसून म्हणाले, "देखा दद्दा? मैं कह रहा था न, चिंता की बात नहीं। उन्नीस ही निकले।"

ते 'ही', म्हणजे आपलं 'फक्त', माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. एकोणीस पिना म्हणजे मालगाड्यांच्या पोटाखाली एकोणीस ठिकाणी ब्रेकची दांडी लोंबायला मोकळी. त्या गाड्यांच्या पुढे माणूस बसलेला असतो, फाटकाशी माणसं उभी असतात. पण हे सांगायचं कोणाला? ज्याला 'ही' सुचतं त्याला?

तो महिन्याचा शेवटचा दिवस होता. काकांचं कंत्राट संपलं आणि वाढवलं गेलं नाही. पत्रात 'वयोमानानुसार' असं लिहिलं होतं. सोबत कारखान्याचं चिन्ह असलेला चहाचा मग होता.

काही आठवड्यांनी एका रविवारी मी दीक्षितपुऱ्यात त्यांच्या घरी गेले. काकूंनी चहा दिला, त्याच मगमध्ये. म्हणाल्या, "बरं झालं आली. आता दिवसभर घरी राहते न हे. पोळीला खिडकीजवळ नेऊन बाजूनं उजेड पाडून पाहून राहिले. मी म्हटलं, चलो, भेग दिसली तर सांगा, परत करून घेऊ."

"दिसली का?" मी काकांना विचारलं.

"दोनदा," काका म्हणाले.

मी पर्समधून जावई काढून त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो उचलला, तेल कमी झालंय असं पुटपुटले, आत जाऊन तेल लावून आले आणि रुमालात गुंडाळून मला परत दिला.

"तुझ्याजवळच ठेव. घरी याचं काय काम?" मग म्हणाले, "एक सांग. माझा नंबर बंद केला न त्यांनी?"

"केला असेल, काका."

"असेल काहून? पाहून सांग."

काका गेल्यापासून मी त्या टेबलाकडे फिरकले नव्हते. सोमवारी जाऊन पाहिलं. नंबर बंद केलेला नव्हता. काका गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक पाळीत प्रत्येकाने सत्तावीसच टाकला होता, सवयीने, सोयीने, आणि काही झालं तर ते म्हाताऱ्यावर जावं म्हणूनही. इतके आठवडे दीक्षितपुऱ्यात पोळ्या तपासत बसलेला माणूस आमच्या गोदामातून सुटणाऱ्या प्रत्येक पेटीची जबाबदारी घेत होता. गेटच्या कागदावरची सहीही आता रबरी शिक्क्याने होत होती. तो शिक्का मी आधी कधी पाहिला नव्हता. काकांनी जाण्याआधी उघडून ठेवलेली कॅमेऱ्याची खिडकी पुन्हा अरुंद झाली होती. चित्र दुधासारखं होतं.

मी सत्तावीस पुसून माझा नंबर टाकला. या कारखान्यात आल्यापासून पहिल्यांदाच. वरच्या रेघा उघडल्या, खालच्या उघडल्या, उजेड खाली आणला तसं पोलाद पुन्हा पोलादासारखं मळकट दिसायला लागलं. पट्टा निम्म्या वेगावर आला. मी रुमाल उघडून जावई पट्ट्यावर ठेवला.

लाल दिवा लागला. दांडीने त्याला पेटीत ढकललं.

"मैडम," ऑपरेटर म्हणाला, "दामाद फेल।"

"हाँ," मी म्हटलं.

वरच्या मजल्याचा फोन वाजायला लागला. पट्ट्याचा आवाज मंदावला की तो वाजतोच. मी आधी पेटीतून पिन काढली, पुसली, रुमालात ठेवली, आणि ऑपरेटरला खरा माल सोडायला सांगितला. मग फोन उचलला.